नवीन घर, विजेवरची शटरं आणि आगीत बाहेर पडायची वाट

रानवेल
आमच्या घराचं बांधकाम सुरू आहे. तळमजला आणि वर एक मजला. झोपायच्या तिन्ही खोल्या वर आहेत. जिना एकच, तोही बैठकीच्या खोलीतून वर येतो. सगळ्या खिडक्यांना बाहेरून ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची, विजेवर चालणारी शटरं बसवायचं ठरलं आहे. ऊन अडतं, आवाज कमी होतो, चोरीची भीती राहत नाही. हे सगळं मला पटलेलं आहे.

प्रश्न पुढचा आहे. रात्रीची वेळ, सगळी शटरं खाली. बैठकीच्या खोलीत शॉर्टसर्किट होऊन आग लागली, जिना धुराने भरला आणि वीज गेली. वर झोपलेली माणसं बाहेर कुठून पडणार? खिडकीची काच उघडता येईल, पण तिच्यापुढे शटर असेल आणि त्याचं बटण मेलेलं.

आर्किटेक्टना विचारलं तर म्हणाले, "खिडक्या आहेतच की." शटरवाल्यांना विचारलं तर म्हणाले, "मोटर उत्तम आहे, बंद पडायची नाही." मला मोटरची गुणवत्ता विचारायचीच नव्हती.

वायरिंगच्या नळ्या अजून भिंतीत गेलेल्या नाहीत, म्हणून आत्ताच विचारते आहे. एका खोलीत सासूबाई असतात. त्यांचे गुडघे दुखतात. दुसऱ्या खोलीत दोन मुलं, मोठी नऊ वर्षांची, धाकटा पाच. कुणी असं घर बांधलं आहे का? काय केलंत? शटरं अजिबात नकोत असंही कुणाचं मत असेल तर तेही सांगा, पण कारणासकट.

झुळूक
आमचंही काम याच टप्प्यावर आहे. वाचत आहे.

कडी_कोयंडा
काळजी समजते, पण थोडी जास्तच होते आहे असं वाटतं. घराला आग लागण्यापेक्षा घरात चोर शिरण्याची शक्यता कितीतरी जास्त. शटर आतून सहज उघडणारं केलंत की ते बाहेरूनही सैल होतं. मग एवढा खर्च कशाला? जिना आहे, त्याला कठडा आहे, खाली दोन दारं आहेत. आग लागली की आधी कळेलच, जळका वास येतोच. माझं मत, शटर मजबूत ठेवा आणि धुराचा अलार्म लावा. तेवढं पुरे.

बंबवाला
अग्निशमन दलात नोकरी केली, आता निवृत्त आहे. कडी_कोयंडा यांच्या "जळका वास येतोच" या वाक्यासाठी मुद्दाम लिहितो आहे, कारण हा समज फार पसरलेला आहे आणि फार घातक आहे. झोपलेल्या माणसाला वासाने जाग येईलच याचा भरवसा नसतो. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. त्याने माणूस आणखी गुंगतो, जागा होत नाही. म्हणून अलार्म हवा, आणि तो झोपायच्या खोलीतही हवा, फक्त खालच्या दिवाणखान्यात नव्हे. सगळे अलार्म एकमेकांना जोडलेले असावेत, म्हणजे खाली धूर झाला की वरचाही वाजतो.

दुसरं म्हणजे वेळ. अमेरिकेतल्या यूएल या सुरक्षिततेच्या चाचण्या करणाऱ्या संस्थेने दोन तशाच खोल्या पेटवून पाहिल्या. एकीत जुन्या पद्धतीचं लाकडी, सुती सामान, दुसरीत आजचं फोम आणि प्लास्टिकचं. आजच्या सामानाची खोली पाच मिनिटांच्या आत सगळीच्या सगळी पेटली. जुन्या सामानाला जवळपास अर्धा तास लागला. आजच्या घरात आपल्या हातात एवढीच मिनिटं असतात.

आता रानवेल यांच्या घराचा जिना. उघडा, बैठकीच्या खोलीतून वर जाणारा. धूर गरम, गरम हवा वर जाते आणि जिना हीच तिची वाट. खाली आग असताना तो जिना माणसांच्या उपयोगाचा राहत नाही, आणि तेही ज्वाळा दिसायच्या बऱ्याच आधी. अशा वेळी खोलीचं दार बंद करून घ्यायचं, फटीत चादर कोंबायची, खिडकीशी जायचं आणि बाहेरच्यांना दिसायचं. दाराचं महत्त्व लोकांना पटत नाही. प्रयोगांत दार उघड्या खोलीत ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेलं असताना बंद दारामागच्या खोलीत ते ४० च्या आसपास राहिलेलं आहे. साधं दार माणसाला वेळ मिळवून देतं. पण तो वेळ कशासाठी? खिडकीतून सुटका होण्यासाठी. खिडकीपुढे उघडता न येणारं शटर असेल तर मिळालेल्या वेळाचं काय करणार?

बाहेरून पाहणाऱ्या आमच्या माणसांचीही अडचण सांगतो. सगळी शटरं खाली असलेलं घर बाहेरून मुकं असतं. कुठल्या खोलीत माणूस आहे ते कळत नाही. हात हलवलेला दिसत नाही, टॉर्चचा उजेड दिसत नाही. शिडी कुठल्या खिडकीला लावायची हे ठरवण्यातच वेळ जातो, आणि मग पट्ट्या कापायला यंत्र आणायचं.

चौकस
बंबवाला, फार मोलाचा प्रतिसाद. वाचनखूण साठवली. एक शंका. वीज नसताना शटर हाताने वर ढकलता येत नाही का? दुकानाचं शटर लोक ढकलतातच.

तारयंत्र
@चौकस, दुकानाच्या शटरला वजन पेलायला आत स्प्रिंग असते, म्हणून ते ढकलता येतं. घराच्या खिडकीच्या विजेवरच्या शटरची रचना निराळी. मी गेली बरीच वर्षं हीच कामं करतो, म्हणून जरा सविस्तर.

खिडकीच्या वर एक पेटी असते. तिच्यात आडवा पाइप आणि पाइपच्या पोटात लांबट मोटर. पट्ट्या त्या पाइपवर गुंडाळल्या जातात. मोटरला ब्रेक असतो, त्यामुळे वीज नसताना पाइप जागचा हलत नाही. वर पाइप आणि पहिली पट्टी यांना जोडणारे कडक दुवे असतात. शटर पूर्ण खाली आलं की हे दुवे ताठ होऊन पट्ट्यांना वरून दाबून धरतात. चोराने खालून पहार घालून उचलू नये म्हणून ही सोय. पण तो दुवा आत कोण आणि बाहेर कोण हे ओळखत नाही. आतल्या माणसालाही शटर उचलता येत नाही.

वीज कशी जाते तेही पाहा. आग खालच्या खोलीत, वायरचं आवरण वितळलं, विजेची गळती सुरू झाली की आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, पडतो. बऱ्याच घरांत सगळ्या घराला एकच आरसीसीबी असतो. म्हणजे ज्या खोलीत आग नाही तिथलं शटरही त्याच क्षणी मेलं. दल आलं की तेही आधी मेन बंद करतं, आणि ते बरोबरच आहे.

उपाय आहेत, आणि ते बांधकाम चालू असतानाच करायचे असतात.

सगळ्यात साधा: सुटकेसाठी जी खिडकी धरली आहे तिला मोटरच नको. पट्टा ओढून वर घ्यायचं शटर बसवा. पट्टा भिंतीतल्या खाचेत गुंडाळला जातो, दिसायलाही वाईट नाही. वीज असो नसो, ओढलं की वर. सगळ्या घराला मोटर आणि एका खिडकीला पट्टा, यात कमीपणा काही नाही.

दुसरा: हातदांड्याची सोय असलेली मोटर. तिला बाजूने गिअरचं डोकं असतं. भिंतीतून किंवा पेटीतून एक कडी बाहेर येते, तिच्यात दांड्याचा आकडा अडकवून फिरवायचं. चालतं, पण हळू. विजेवर जे शटर अर्ध्या मिनिटात वर जातं त्याला दांड्याने फेऱ्यांवर फेऱ्या माराव्या लागतात. शिवाय ही मोटर आधीच घ्यावी लागते, साध्या मोटरला नंतर ही सोय जोडता येत नाही.

तिसरा: बॅटरी. काही मोटरींमध्ये बॅटरी आतच असते, किंवा तेवढ्या खिडकीला वेगळा छोटा यूपीएस देता येतो. पण बॅटरी म्हातारी होते. ती तपासायची, बदलायची आठवण कोण ठेवणार, हे बसवायच्या आधी ठरवा.

आणि एक. या मोटरी सलग साधारण चार मिनिटं चालण्यासाठी बनवलेल्या असतात. त्याहून जास्त चालल्या की तापून आपोआप बंद होतात आणि थंड होईपर्यंत चालत नाहीत. घाबरून वर-खाली, वर-खाली बटण दाबत राहिलं तर हेही होऊ शकतं.

झुळूक
आमच्या शटरवाल्याने यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. धन्यवाद तारयंत्र.

मोबाइलमित्र
एवढं कशाला? अलार्म वाजला की सगळी शटरं आपोआप वर, अशी जोडणी करता येते. आमच्याकडे मोबाइलवरून सगळं चालतं. सूर्य मावळला की खाली, उजाडलं की वर. अलार्म त्यात जोडला की प्रश्न मिटला.

चौकस
@मोबाइलमित्र, पण आग लागल्यावर सगळं उघडलं तर हवा आत येऊन आग भडकणार नाही का? दारंखिडक्या बंद ठेवा असंच सांगतात ना?

बंबवाला
@चौकस, शंका योग्य आहे. पण शटर उघडणं आणि खिडकी उघडणं या दोन गोष्टी आहेत. शटर वर गेलं तरी काच बंदच राहते, हवा आत येत नाही. काच उघडायची ती बाहेर पडतानाच, आणि खोलीचं दार लावलेलं असताना. म्हणून अलार्मला शटरं जोडायला माझी हरकत नाही, उलट मी ते सुचवेन. आपोआप उघडणाऱ्या खिडक्या मात्र घरात नकोत.

तारयंत्र
जोडणी चांगली, पण ती कशी केली आहे त्यावर सगळं आहे. अलार्म वाजतो त्या पहिल्या मिनिटात वीज बहुधा असते, म्हणून शटर तेव्हाच वर जायला हवं. आज्ञा राउटर, इंटरनेट आणि दूरच्या सर्व्हरमार्गे जाणार असेल तर मी ती सुटकेची सोय म्हणून धरणार नाही. राउटर बहुधा खालच्याच खोलीत असतो, टीव्हीच्या मागे. अलार्मच्या रिलेपासून (अलार्म वाजताच जोडणी करणाऱ्या स्विचपासून) शटरच्या कंट्रोलरपर्यंत थेट तार हवी. आणि आगीची आज्ञा सगळ्यांच्या वरची हवी. संध्याकाळी खाली जायची वेळ झाली म्हणून वर गेलेलं शटर पुन्हा खाली आलं, असं होता कामा नये. वारा मोजणारा सेन्सर असेल तर त्यालाही हे लागू.

आणि आपोआप उघडणं ही पहिली पायरी. ते फसलं तर हाताने उघडता आलं पाहिजे. एकाच्या जागी दुसरं चालणार नाही, दोन्ही हवीत.

दूरदेशी
वेळेवर बंद होणाऱ्या शटरचा अनुभव लिहितो, आगीचा नाही पण याच जातीचा. आई गच्चीवर झाडांना पाणी घालत होती. गच्चीच्या दाराला शटर होतं आणि ते सूर्यास्ताला खाली यायचं. आई कोपऱ्यातल्या कुंड्यांपाशी पाठमोरी. मागे खडखड झाली म्हणून वळली तोवर शटर गुडघ्यापर्यंत आलेलं, ती पोचेपर्यंत जमिनीला टेकलं. बाहेर बटण नाही, फोन आत. शेजारच्या बाईंनी हाक ऐकली म्हणून सुटली.

त्यानंतर त्या दाराच्या चौकटीत चुंबकाचा सेन्सर बसवला. दार उघडं असलं की शटर खाली येतच नाही. मला वाटतं गच्चीच्या, गॅलरीच्या दाराला हा सेन्सर पहिल्या दिवसापासून हवा. गॅलरी हीसुद्धा सुटकेची जागाच की. धुरापासून पळून माणूस तिथेच उभा राहतो.

पायाभरणी
मी आर्किटेक्ट. रानवेल यांच्या आर्किटेक्टचं "खिडक्या आहेतच की" हे उत्तर अपुरं आहे, कारण प्रत्येक खिडकी सुटकेची खिडकी नसते.

वेगवेगळ्या देशांच्या नियमांत यासाठी मापं ठरलेली आहेत. इंग्लंडमध्ये अशी खिडकी उघडल्यावर किमान ०.३३ चौरस मीटर मोकळी जागा मिळायला हवी, रुंदी आणि उंची दोन्ही किमान ४५० मिलिमीटर, आणि मोकळ्या भागाची खालची कड जमिनीपासून १,१०० मिलिमीटरच्या वर नको. गंमत अशी की ४५० गुणिले ४५० केलं तर ०.२ च्या आसपासच येतं. म्हणजे रुंदी ४५० ठेवली तर उंची ७३५ तरी हवी. दोन्ही किमान मापं एकदम घेऊन चालत नाही, आणि ही चूक नकाशांत वारंवार दिसते. अमेरिकेच्या घरबांधणी संहितेत मोकळी जागा ०.५३ चौरस मीटर, रुंदी ५०८ आणि उंची ६१० मिलिमीटर, सिल, म्हणजे खिडकीची खालची कड, जमिनीपासून जास्तीत जास्त १,११८ मिलिमीटर. जर्मनीच्या नमुना नियमावलीत ९० गुणिले १२० सेंटिमीटर, सिल १२० सेंटिमीटरपर्यंत. आपल्या गावाचा नियम काय आहे ते पाहावंच, पण मापाचा अंदाज यावा म्हणून हे दिलं.

ही मापं मोकळ्या जागेची आहेत, चौकटीची नाहीत. सरकती खिडकी असेल तर निम्मीच उघडते. वरच्या बाजूला बिजागरी असलेली खिडकी पूर्ण उघडली तरी तावदान आडवं येतं. आणि शटरची पेटी लिंटेलखाली (खिडकीवरच्या आडव्या तुळईखाली) आत घेतली तर तिची उंची मोकळ्या जागेतून वजा होते. मी पाहिलेल्या एका घरात कागदावर मापात बसणारी खिडकी पेटी बसल्यावर अपुरी ठरली. पेटी भिंतीच्या जाडीत, लिंटेलच्या वर किंवा बाहेर घ्यायची असेल तर ते प्लास्टरच्या आधी ठरवावं लागतं.

शटरच्याच मुद्द्यावर. अमेरिकी संहितेत सुटकेच्या खिडकीपुढे गज, जाळी किंवा कुठलंही आवरण लावायला बंदी नाही. अट अशी की ते आतून किल्ली, हत्यार किंवा खास माहिती न लागता निघालं किंवा उघडलं पाहिजे, आणि नुसती खिडकी उघडायला लागतो त्याहून जास्त जोरही लागता कामा नये. ही अट मला फार शहाणी वाटते. कुठल्याही देशात घर बांधताना ती स्वतःहून पाळावी.

कडी_कोयंडा
@पायाभरणी, मग तारयंत्र म्हणतात तो हातदांडा हत्यारात मोडतो की नाही?

पायाभरणी
सुटा असेल तर माझ्या मते मोडतो. कपाटात ठेवलेला दांडा रात्री अंधारात शोधायचा, त्याचा आकडा कडीत अडकवायचा आणि फिरवायचा. यात वस्तूही लागते आणि माहितीही. दांडा भिंतीला कायमचा बसवलेला असेल, खुंटीवर दुमडून ठेवलेला आणि न निघणारा, तर गोष्ट वेगळी.

तारयंत्र
सहमत. न निघणारा दांडा मिळतो, तोच घ्यावा. आणि तो खिडकीच्या वर नको, बसलेल्या माणसाच्या हाताला येईल असा हवा. धुरात माणूस उभा नसतो.

बंबवाला
तारयंत्र यांचं शेवटचं वाक्य सोन्यासारखं आहे. धूर छताखाली साठतो आणि खाली उतरत येतो, श्वास घेण्याजोगी हवा जमिनीलगत उरते. रांगत जाऊन जे हाताला लागेल तेच उपयोगाचं. घरात एकदा दिवे मालवून, शटर खाली करून, मुलांना पलंगापासून खिडकीपर्यंत रांगत न्या आणि शटर उघडायला लावा. कुणाला काय जमत नाही ते पाच मिनिटांत कळेल.

निशिगंध_२
माझा मुद्दा थोडा उलट्या दिशेचा आहे. पहिल्या मजल्यावर लहान मूल असेल तर आपण खिडकीला कुलूप लावतो, नाहीतर ते पडेल अशी भीती. आमच्या खिडक्यांना किल्लीचं लॉक आहे, किल्ली उंच कपाटावर. हा धागा वाचल्यापासून तीच किल्ली डोळ्यांसमोर येते आहे. दोन्ही धोके खरे आहेत. काय करावं?

पायाभरणी
@निशिगंध_२, किल्लीऐवजी खिडकी काही सेंटिमीटरच उघडू देणारा अटकाव मिळतो. मोठ्या माणसाने खटका दाबला की तो सुटतो, लहान मुलाला ते जमत नाही. तोच घ्या. आणि खिडकीखाली पलंग, पेटी असं चढता येईल असं काही ठेवू नका. पडण्याच्या धोक्यावर याचा उपयोग कुलपाइतकाच होतो.

निशिगंध_२
आभार. आजच बदलायला सांगते.

आंबटगोड
आमच्याकडे शटर वर जायला वीज लागत नाही, पहाटे पाचला उठणारे सासरे लागतात. बॅटरी कधी उतरत नाही.

झुळूक
आंबटगोड, त्यांनाच अलार्मला जोडून टाका!

पिंपळपान
हसून झालं, पण सासऱ्यांवरून आठवलं. वय वाढलं की उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात, आणि बहुतेक घरगुती अलार्म ३,००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच पट्टीतच किंचाळतात. माझे वडील कानातलं यंत्र काढून झोपतात, त्यांना तो आवाज जागं करत नाही. आता ५२० हर्ट्झचा, खालच्या पट्टीचा आवाज देणारे अलार्म मिळतात. ऐकू कमी येणाऱ्यांना, आणि गाढ झोपणाऱ्या मुलांनाही, त्याने जास्त खात्रीने जाग येते असं दिसून आलं आहे. उशीखाली ठेवायची थरथरणारी चकतीही मिळते. शटरं बंद असली की बाहेरचा आरडाओरडा आत येत नाही, म्हणून हे जास्तच महत्त्वाचं. रानवेल, सासूबाईंच्या खोलीसाठी बघा.

शहाजोग
अवांतर: उंच इमारतीत राहणाऱ्यांनी काय करायचं? आम्ही अकराव्या मजल्यावर. खिडकीतून सुटका वगैरे आमच्यासाठी नाहीच.

बंबवाला
@शहाजोग, नाहीच. हातशिडी पोचते ती साधारण दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यापर्यंत. त्यावर वाहनावरची शिडी लागते आणि तिलाही मर्यादा आहे. तिथे भिस्त जिन्यावर. म्हणून जिना भिंतींनी आणि आगरोधक दारांनी बंद केलेला हवा, आणि ती दारं दगड लावून उघडी ठेवायची नाहीत. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी आग लागली, ७२ माणसं गेली. त्या इमारतीला जिना एकच होता. आता इंग्लंडमध्ये १८ मीटरपेक्षा उंच नव्या निवासी इमारतींना दोन जिने बंधनकारक केले आहेत, ३० सप्टेंबर २०२६ पासून. तुमच्या इमारतीत जिन्याची दारं मिटतात का, एवढं आज जाऊन बघाच.

शहाजोग
बघून आलो. आमच्या मजल्याचं दार मिटतं, खालच्या मजल्याचं सायकल लावून उघडं ठेवलं आहे. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं.

कडी_कोयंडा
सगळं वाचलं. बंद दाराचा मुद्दा आणि वासाचा मुद्दा पटला. पण चोरीचं माझं म्हणणं कायम आहे. पट्ट्याचं शटर खालून उचकटता येतं. मोटरवाल्याला जे दुवे असतात ते त्याला नसतात, हो ना तारयंत्र?

तारयंत्र
पट्ट्याच्या शटरलाही वर ढकलायला अटकाव करणारे दुवे बसवता येतात. पट्टा ओढला की पाइप फिरतो आणि दुवे आपोआप दुमडतात, पण पट्ट्या खालून उचलल्या की ते ताठ होऊन अडतात. आतला माणूस पाइप फिरवतो, बाहेरचा पट्ट्या उचलतो, एवढाच फरक. त्यामुळे सुरक्षितता आणि सुटका एकत्र बसतात. खालच्या पट्टीला आतून कडी लावायचा मोह मात्र टाळा. ती कडी अंधारात सापडत नाही, आणि कडी लागलेली असताना पट्टा ओढला तर पट्ट्या वाकतात.

कडी_कोयंडा
हे माहीत नव्हतं. मग माझा विरोध संपला. पट्टा चालेल.

दूरदेशी
थंड प्रदेशातल्या वाचकांसाठी एक भर. ओल्या पट्ट्या गोठल्या की खालच्या कडेला चिकटून बसतात. अशा वेळी अडथळा ओळखणारी मोटर जोर लावायचा सोडून थांबते. तिथे सुटकेच्या खिडकीचं शटर कडाक्याच्या रात्री पूर्ण खाली न नेता थोडं वर ठेवलेलं बरं.

रानवेल
सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल आर्किटेक्ट, वायरमन आणि शटरवाले तिघांना एकत्र बसवलं आणि हा धागा उघडून समोर ठेवला. ठरलेलं लिहिते, कुठे चुकतं आहे ते सांगा.

वरच्या प्रत्येक झोपायच्या खोलीत एक खिडकी सुटकेची म्हणून नक्की केली. पायाभरणींनी सांगितल्याप्रमाणे मोकळी जागा मोजायला लावली. मुलांच्या खोलीची खिडकी सरकती होती, ती आता बाजूच्या बिजागरीची होणार. शटरच्या पेट्या भिंतीच्या जाडीत, लिंटेलच्या वर जातील. आर्किटेक्टना हे आधी आवडलं नाही, दर्शनी भागाची रेषा बदलते म्हणाले. मग स्वतःच टेप घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, नाही, तुमचं बरोबर आहे.

मुलांच्या खोलीत पट्ट्याचं शटर. आमच्या खोलीत मोटर आणि भिंतीला पक्का बसवलेला हातदांडा, कारण तिथली खिडकी मोठी आणि शटर जड आहे. वरच्या मजल्याला वेगळा आरसीसीबी. सगळ्या खोल्यांत अलार्म, एकमेकांना जोडलेले, आणि त्यांच्यापासून शटरच्या कंट्रोलरला थेट तार. मोबाइलची सोय राहील, पण फक्त रोजच्या वापरासाठी. गच्चीच्या दाराला चुंबकाचा सेन्सर. खोल्यांची दारं आपोआप मिटणारी.

राहिला प्रश्न सासूबाईंचा. पट्टा ओढून पाहायला त्यांना शटरवाल्यांच्या दुकानात नेलं. निम्मं शटर वर गेलं आणि त्या थांबल्या, खांदा दुखतो म्हणाल्या. समजा शटर उघडलं, तरी त्या गुडघ्यांनी त्या खिडकीतून शिडीवर उतरणार कशा?

बंबवाला
रानवेल, सगळं योग्य दिशेने आहे. सासूबाईंचं उत्तर शटरमध्ये नाही, खोलीत आहे. त्यांची खोली खाली घेता येईल का? बाहेर उघडणारं दार असलेली, आणि बैठकीच्या खोलीतून न जाता बाहेर पडता येईल अशी. त्या दाराला शटर लावलंच तर तेही हाताने उघडणारं.

ते शक्य नसेल तर त्यांची वरची खोली अशी निवडा की तिथे दलाची शिडी नीट टेकेल. खिडकीखाली कारंजं, कुंपण, पत्र्याचा उतार नको. खोलीचं दार भरीव लाकडाचं घ्या. बसून वाट पाहायची वेळ आली तर त्या दारावरच सगळं असतं. आणि त्यांना उठवायला कोण जाणार हे माणसाच्या नावाने ठरवा.

तारयंत्र
शटर जड वाटत असेल तर त्या खिडकीला फोम भरलेल्या हलक्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या घ्या आणि पट्ट्याच्या यंत्रणेत गिअर बसवायला सांगा. पट्टा जास्त वेळ ओढावा लागतो, पण जोर कमी लागतो. सासूबाईंना पुन्हा एकदा दुकानात न्या आणि त्यांच्याच हाताने करून पाहा, दुकानदाराच्या नव्हे.

रानवेल
तळमजल्यावर पाहुण्यांसाठी खोली आहे. तिला मागच्या अंगणात उघडणारी मोठी खिडकी आहे, दार नाही. आज आर्किटेक्टना फोन केला. खिडकीची सिल काढून तिथे दार करता येईल म्हणाले, वरचं लिंटेल पुरतं आहे. सासूबाईंना विचारलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "अंगणातल्या तुळशीपर्यंत पायरी किती?" एकच आहे. तिथे उतार करून घेते.

पायाभरणी
उतार करा, आणि दार आतल्या बाजूला उघडणारं ठेवा. शटर लावणार असाल तर पट्टा दाराच्या कडीच्या बाजूला घ्या, बिजागरीच्या बाजूला घेतला तर उघडलेलं दार आड येतं. वायरमनला हे आजच सांगा, उद्या भिंतीला खाचा पडतील.